लेकीचं विमान आणि घराचे कागद

मैत्रिणींनो, या आठवड्यात मिरजेहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "मुलगी बारावी सायन्स झाली. गणित, भौतिकशास्त्रात मार्क चांगले आहेत. तिला वैमानिकच व्हायचंय. एका संस्थेत जाऊन आलो. महिन्याच्या आत सगळी फी भरली तर तीन लाखांची सूट म्हणतात. ह्यांनी घराचे कागद काढून ठेवलेत, माझ्या पाटल्याही तोलून झाल्या. सासूबाई म्हणतात, एवढ्यात चार लग्नं होतील! मी कुणाची बाजू घेऊ?"

भगिनी, बाजू लेकीचीच घ्या. पण घराचे कागद आधी कपाटात परत ठेवा.

सासूबाईंना सांगा, हे काही आजचं खूळ नाही. सरला ठकराल यांनी 1936 साली साडी नेसून विमान चालवलं, तेव्हा त्यांच्या पदरी लहान मुलगी होती. आणि 1985 साली सौदामिनी देशमुखांनी सगळ्या बायकाच कर्मचारी असलेलं प्रवासी विमान नेलं. तेव्हा मुलीच्या जातीला हे जमेल का, हा प्रश्न केव्हाच मिटलाय. प्रश्न आहे तो पैशाचा, आणि कुठलं काम आधी करायचं याचा.

सगळ्यात आधी डॉक्टर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी होते, मग पहिल्या वर्गाची. व्यावसायिक लायसन्सला पहिल्या वर्गाचीच लागते. चष्मा आहे म्हणून घाबरू नका, चष्म्याने नीट दिसत असेल तर चालतं. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र मोठी अडचण. हे फी भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, नाही का?

दुसरं, लेखी परीक्षा. हवामानशास्त्र, दिशादर्शन, हवाई नियम, विमानाचं तंत्र असे पेपर असतात आणि पास व्हायला शंभरात सत्तर लागतात. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. हा अभ्यास उडायला लागायच्या आधीही करता येतो आणि त्याचा खर्च उड्डाणाच्या मानाने किरकोळ. सहा-आठ महिने मुलगी नेटाने बसली, पेपर सुटले, तर तिची हौस खरी हे तुम्हालाही कळेल आणि सासूबाईंनाही.

तिसरं, उड्डाण. लायसन्सला 200 तास लागतात. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो, वर राहणं-जेवण. पावसाळ्यात, धुक्यात विमानं उभीच असतात, म्हणून दीड वर्षाचं काम दोन-अडीच वर्षांवर जातं. तेवढे महिने खोलीचं भाडं चालूच!

माझ्या नणंदेच्या मुलाचं सांगते. संस्थेचं नाव घेत नाही. सगळी फी एकरकमी भरली आणि नंतर समजलं, विद्यार्थी ढीगभर आणि उडणारी विमानं दोनच. पोरगा आठवडेच्या आठवडे नुसता बसून. पैसे मागायची सोय नाही, कारण कागदावर काही लिहूनच घेतलं नव्हतं. म्हणून सांगते, सूट नको पण हप्ते हवेत. जितके तास उडेल तितके पैसे, आणि दर वेळी पावती.

संस्थेची मान्यता महासंचालनालयाच्या यादीत बघा. मग विचारा : आज उडत्या स्थितीत विमानं किती? विद्यार्थी किती, शिक्षक किती? गेल्या वर्षी 200 तास कितीजणांचे पुरे झाले, आणि किती महिन्यांत? मध्येच सोडलं तर पैसे परत किती? हे ऑफिसात विचाराच, पण चहाच्या टपरीवर तिथल्या मुलांनाही विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं. आपल्याकडे बारामती, गोंदियालाही शिकवतात, आणि रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारची अकादमी आहे, तिची प्रवेश परीक्षा असते. चार ठिकाणं बघून ठरवा. साडीसुद्धा आपण एका दुकानात घेत नाही!

शेवटचं आणि महत्त्वाचं. लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. मोठं विमान चालवायला त्या जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण लागतं, त्याला आणखी पंधरा-वीस लाख धरा. मग कंपनीची परीक्षा, मुलाखत. 2019 च्या एप्रिलात जेट एअरवेजची उड्डाणं थांबली, 2020 मध्ये महामारीने देशातली प्रवासी उड्डाणं दोन महिने बंद होती. त्या काळात लायसन्स हातात घेऊन कितीतरी मुलं घरी बसली. म्हणून मुक्त विद्यापीठातून पदवी चालू ठेवा, आणि नोकरीविना दोन वर्षं कर्जाचे हप्ते भरता येतील का, हे आजच वहीत मांडा. त्या हिशेबाला मुलीलाही बसवा. कर्ज तिच्याच नावाने फिरणार आहे.

एवढ्या रकमेला बँक तारण मागणारच. पण राहतं घर हे शेवटचं तारण. प्लॉट, शेत, ठेवी असं काही असेल तर ते आधी. आणि घरच द्यायची वेळ आली, तर सासूबाईंना समोर बसवून सगळं समजावून सांगा. त्या घरात त्यांचंही म्हातारपण आहे.

पाटल्यांचं म्हणाल, तर मेडिकल झालं, पेपर सुटले, मग खुशाल मोडा. त्याआधी एकही नाही. आणि मेडिकलचा निकाल मला नक्की कळवा.