नत्र हवेतून, स्फुरद खड्ड्यातून

नत्र, स्फुरद, पालाश ही तीन नावे आपण एका दमात म्हणतो. खताच्या पोत्यावरही त्यांचे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. विद्यार्थी मित्रहो, असे एका पंक्तीत बसवल्यामुळे ही द्रव्ये सारखीच वाटू लागतात, आणि तेथेच आपली फसगत होते असे माझे मत आहे.

नत्र हवेत अमाप आहे. कारखान्यात त्यापासून अमोनिया करता येतो आणि शेतातून निसटलेल्या नत्राचा बराचसा भाग पुन्हा हवेत जातो. स्फुरदाला असा परतीचा जवळचा मार्ग नाही. तो खडकातून खणावा लागतो आणि शेतातून वाहून गेला की नदीवाटे समुद्राच्या तळाशी जाऊन बसतो. तेथे त्याचा पुन्हा खडक व्हायला लाखो वर्षे लागतात. (पालाशही खाणीतलाच; पण त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.)

राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे १९६८ साली फॉस्फेटच्या खडकाचा मोठा साठा सापडला. हा खडक घडवला कोणी? सूक्ष्म जीवांनी! दीडशे कोटी वर्षांहूनही आधी तेथे उथळ समुद्र होता. त्यात नील-हरित शैवालांचे थरावर थर साचून लहान लहान खांब तयार झाले. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. ह्या खांबांतच फॉस्फेट एकवटले. त्यांचा थोडा भाग राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखला आहे. खाणीतला बाकीचा खतासाठी जातो.

उघडी खाण पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाते. सुरुंग लावायचे, निरुपयोगी खडकाचे डंपरने बाजूला ढीग घालायचे आणि मग कामाचा खडक उचलायचा. थर तिरपा उतरत असेल, तर खाण जितकी खोल तितका फुकटचा खडक अधिक हलवावा लागतो. शिवाय चांगल्या प्रतीचा खडक आधी संपतो. मग हलका खडक दळून, पाण्यात फेस आणून त्यातले फॉस्फेट वेगळे करायचे. झामरकोटड्याला असा कारखाना उभारावाच लागला. इतके करूनही हे फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही. त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली, की सुपरफॉस्फेट मिळते.

खाणी बंद करा, असे मी म्हणत नाही. धान्य हवे तर स्फुरद हवाच, आणि आजही आपण मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त अशा देशांकडून हा खडक मोठ्या प्रमाणावर विकत घेतो. पण एवढ्या खटाटोपाने मिळवलेल्या स्फुरदाचे आपण करतो काय? आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो चुन्याशी बांधला जातो आणि पहिल्या हंगामात पिकाला त्यातला थोडाच मिळतो. तरी दरवर्षी तेवढेच पोते ओतण्याची सवय सुटत नाही. अन्नातून शहरात आलेला स्फुरद तर आपण खुशाल गटारात सोडून देतो! जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करणारे जीवाणू खत म्हणून मिळतात. सांडपाण्यातून तो परत मिळवण्याच्या पद्धतीही काही देशांत वापरात आहेत. नवा खड्डा खणण्याआधी हे व्हायला हवे.

शिक्षकांनी एक करावे. शेतकरी घरांतील मुलांना माती परीक्षणाचा अहवाल वर्गात आणायला सांगावे. स्फुरदाच्या रकान्यात ‘भरपूर’ लिहिलेले असेल आणि घरात १८:४६ चे पोते असेल, तर मधला ४६ कशासाठी, हे मुलांनी घरी जाऊन विचारावे.