संत्र्याच्या शिरांची कैफियत

प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढण्यापूर्वी ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे, ही आपल्याकडील शास्त्रार्थाची जुनी शिस्त आहे. आरोग्याविषयीच्या वादात ती फार क्वचित पाळली जाते, म्हणून येथे तिच्यापासूनच आरंभ करतो. पूर्वपक्ष असा: संत्री, मोसंबी, लिंबे, पपनसे यांच्या सालीत व शिरांत जी फ्लॅवोनॉइड द्रव्ये असतात ती स्नायूंचे बळ वाढवितात, चयापचय सुधारतात आणि मेद उतरवितात, सबब त्यांचा अर्क काढून, कॅप्सूलमध्ये भरून, नित्य सेवन करावा. या म्हणण्याला पुरावाच नाही असे कोणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. संत्र्याच्या जातीच्या फळांच्या सालीतील नोबिलेटिन हे द्रव्य स्निग्ध आहारावर पोसलेल्या उंदरांना दिले असता त्यांचे वजन कमी वाढले व साखर अधिक चांगली पचली, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. आणि ज्या उंदरांच्या पेशींतील दिनरात्रीचे घड्याळच जन्मतः बिघडलेले होते त्यांना हा लाभ फारसा झाला नाही, यावरून ते द्रव्य कोणत्या वाटेने काम करते याचाही माग लागला. २०१९ साली वयस्क उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांचे, म्हणजे पेशीत ऊर्जा सिद्ध करणाऱ्या कणांचे, श्वसन त्याच द्रव्याने सुधारल्याचे दिसले. माणसांतला दाखला २०१८ चा: कसलेल्या पुरुष खेळाडूंना चार आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम अर्क दिल्यावर दहा मिनिटांच्या सायकल-चाचणीत त्यांची शक्ती सुमारे ५ टक्क्यांनी वाढली.

आता या पुराव्याची उलटतपासणी करू. नोबिलेटिन मुख्यतः सालीत असते. संत्र्याच्या रसात व शिरांत जे विपुल असते ते हेस्पेरिडिन, आणि पपनसाच्या पापुद्र्याला कडवटपणा देते ते नारिंगिन. ही तिन्ही एका कुळातली असली तरी एकाची जबानी दुसऱ्याच्या नावावर नोंदविता येत नाही, आणि उंदराची माणसाच्या नावावर तर नाहीच. सायकलच्या चाचणीत शक्ती वाढली, स्नायू वाढला नाही. शिवाय जे रोज घाम गाळतात त्यांच्यात ती वाढली, दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या, पोट सुटलेल्या पन्नाशीच्या माणसात नव्हे. त्या माणसाला ज्याची खरी चिंता असते त्या कोलेस्टेरॉलचा प्रश्न २०१० साली सरळ विचारला गेला: कोलेस्टेरॉल मध्यम प्रमाणात वाढलेल्या सुमारे दोनशे स्त्रीपुरुषांपैकी काहींना रोज ८०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन, काहींना ५०० मिलिग्रॅम नारिंगिन, आणि काहींना औषधविरहित कॅप्सूल चार आठवडे देण्यात आली, आणि निकाल असा लागला की कोलेस्टेरॉलवर दोहोंपैकी एकाचाही परिणाम नाही. मेद उतरविण्याच्या नावाखाली कडू संत्र्याचा जो अर्क विकला जातो त्याची गोष्ट याहून गंभीर आहे. अमेरिकेत २००४ साली एफेड्रा या उत्तेजक वनौषधीवर बंदी आल्यानंतर तिच्या जागी हा अर्क पुढे आला, आणि त्यातील कर्तेपण सिनेफ्रिन या उत्तेजक अल्कलॉइडाकडे आहे. ते फ्लॅवोनॉइड नव्हेच. फळाच्या अब्रूवर उत्तेजक खपविणे हा लोकांचा विश्वासघात आहे, आणि तो मला अत्यंत निंद्य वाटतो.

परंतु एवढे ऐकून जे दुसऱ्या टोकाला जातात, त्यांचेही खंडन करणे प्राप्त आहे. ते इतिहासाचा आधार घेतात. १९३६ साली रुस्न्याक व सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञांनी लिंबू व लाल मिरची यांतील या द्रव्यांनी केशवाहिन्यांचा नाजूकपणा घटतो असे सांगून त्यांना ‘पी’ जीवनसत्त्वाचे पद बहाल केले. पुढे ते पद टिकले नाही, आणि १९५० साली अमेरिकेतील जीवरसायन व पोषण यांच्या संस्थांनी ते नाव सोडून द्यावे अशी शिफारस केली. म्हणून, हे लोक म्हणतात, सगळेच थोतांड. हा तर्क सदोष आहे. ज्याच्या अभावाने विशिष्ट रोग जडतो आणि ज्याच्या प्राप्तीने तो बरा होतो ते जीवनसत्त्व. १७४७ साली जेम्स लिंडने स्कर्व्हीच्या बारा खलाशांपैकी दोघांना संत्री व लिंबू देऊन ज्याचा गुण दाखविला ते पुढे ‘क’ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. फ्लॅवोनॉइडांच्या अभावाचा असा रोग नाही, म्हणून पद गेले. द्रव्य गेले नाही. धान्याच्या कोंड्याच्या अभावानेही असा नेमका रोग जडत नाही, तरी कोंडा निरुपयोगी असे आज कोणीही म्हणणार नाही.

माझा सिद्धांत एवढाच आहे की या द्रव्यांचे खरे स्थान आहारात आहे, औषधात नाही. २०११ साली फ्रान्समध्ये पन्नास ते पासष्ट वयाच्या, वजन थोडे जास्त असलेल्या चोवीस निरोगी पुरुषांवर झालेल्या प्रयोगात रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस, किंवा त्यात असते तेवढेच २९२ मिलिग्रॅम हेस्पेरिडिन, चार आठवडे घेतल्यावर रक्तदाबाचा खालचा आकडा उतरला. लाभ लहान होता, परंतु तो माणसांत दिसला आणि फळातून मिळेल एवढ्याच मात्रेत दिसला. हेस्पेरिडिनला चिकटलेली शर्करा लहान आतड्यात सुटत नाही. मोठ्या आतड्यातील जंतू ती सोडवितात आणि मगच ते रक्तात येते, म्हणून खाल्ल्यापासून पाच-सात तासांनी त्याचा अंमल सर्वांत जास्त असतो. त्या जंतूंना लागणारा चोथा फळात असतो, गाळलेल्या रसात नाही. आणि अर्धा लिटर रसासोबत चाळीसएक ग्रॅम साखर पोटात जाते, ती मधुमेह्याला परवडणारी नाही. ग्रेपफ्रूट व पपनस यांविषयी मात्र वेगळा इशारा द्यावयास हवा, कारण त्यांतील फ्युरानोकुमारिन द्रव्ये आतड्यातील एक विकर निकामी करून काही औषधांचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढवितात. कोलेस्टेरॉलची वा रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याने ही फळे वैद्याला विचारूनच खावीत.

आमच्या घरी आजारी माणसाला संत्रे द्यावयाचे ते शिरा, पापुद्रा आणि बिया सगळे काढून, नुसती केशरी गराची फोड. ती प्रेमाची रीत होती आणि तिची आठवण अजून माझ्या मनात आहे. पण १८२८ साली लेब्रेतों या फ्रेंच रसायनज्ञाने हेस्पेरिडिन प्रथम वेगळे केले ते सालीखालच्या याच पांढऱ्या थरातून. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हलक्या हाताने सुटते आणि पुष्कळशा शिरा फोडीलाच धरून राहतात. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतील तेव्हा मुलांच्या हाती ती फोड शिरांसकट द्यावी.