घड्याळ नको, कचेरीची वेळ बदला

भारताला दोन प्रमाणवेळा हव्यात, ही मागणी दर काही वर्षांनी डोकं वर काढते. 2014 मध्ये आसामचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी ती केली, 2017 मध्ये अरुणाचलचे पेमा खांडू यांनी. गुवाहाटी उच्च न्यायालयात याच मुद्द्यावर जनहित याचिका झाली आणि ती फेटाळली गेली. दिल्लीचं उत्तर ठरलेलं असतं: एक देश, एक वेळ. मला ती मागणी मान्य नाही. पण तिला मिळणारं हे उत्तर तर मुळीच मान्य नाही, कारण त्यात समोरच्याचं दुखणं ऐकूनच घेतलेलं नसतं.

ते दुखणं खरं आहे. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. एका रेखांशामागे चार मिनिटं, असा हिशेब धरला तर पश्चिमेला द्वारका आणि पूर्वेला अरुणाचलातलं दोंग यांच्या सूर्योदयांत पावणेदोन-दोन तासांचं अंतर पडतं. गुवाहाटीत जून महिन्यात साडेचारच्या सुमारास सूर्य वर आलेला असतो. सरकारी कचेरीचं कुलूप निघेपर्यंत पाच तासांचं ऊन वाया गेलेलं असतं. डिसेंबरात याच गावात दुपारी साडेचारला दिवस मावळतो. कर्मचारी अजून टेबलाशी, खिडकीबाहेर मिट्ट काळोख, खोलीत दिवे लागलेले, आणि घरी पोचेपर्यंत मुलांचा खेळ कधीच संपलेला. ज्यांच्या वाट्याला हे पिढ्यान् पिढ्या आलं त्यांनी तक्रार केली तर त्यात फुटीरपणा कुठे आला?

‘वेगळं घड्याळ म्हणजे वेगळेपणाची सुरुवात’ असं म्हणणाऱ्यांत मुंबई-पुण्याची माणसं असतात, याचं मला फार वाईट वाटतं. मुंबईने स्वतः काय केलं होतं? 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास टाइम लादायचा प्रयत्न केला. शहराने तो चालू दिला नाही आणि दोनच वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, म्हणजे मुंबईची घड्याळं 39 मिनिटं पुढे ढकलायची वेळ आली. त्याच जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी काम थांबवलं, दगडफेकीपर्यंत प्रकरण गेलं. हिवाळ्यातल्या पहाटे 39 मिनिटं आधी भोंगा वाजणार, हा प्रश्न त्यांच्या झोपेचा आणि अंगमेहनतीचा होता. महापालिकेने काही महिन्यांतच आपली घड्याळं पुन्हा मुंबई टाइमवर आणली. रेल्वे आणि सरकारी खाती प्रमाणवेळेवर, पालिका मुंबई टाइमवर, असं हे शहर चार दशकांहून जास्त काळ चाललं, स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षं. कलकत्त्याने आपला टाइम 1948 पर्यंत सोडला नाही. त्यामुळे ना मुंबई देशापासून तुटली, ना कलकत्ता. 39 मिनिटांसाठी एवढं भांडलेल्या शहराने तासाभराचं मागणं मांडणाऱ्या आसामवर संशय घेऊ नये.

प्रमाणवेळ ही निसर्गाने आखून दिलेली, शास्त्राने शिक्का मारलेली गोष्ट आहे, असाही एक समज दोन्ही बाजूंना असतो. 1884 च्या वॉशिंग्टन परिषदेत 25 देशांनी जगाचे वेळपट्टे आखले, असं पुस्तकांतून सर्रास लिहिलं जातं. परिषदेने तसं काही केलं नाही. ग्रिनिच हे शून्य रेखांश ठरवलं, जागतिक दिवस कधी सुरू होतो ते ठरवलं आणि मंडळी पांगली. पट्टे त्याआधीच रेल्वे कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी पाडायला घेतले होते. 18 नोव्हेंबर 1883 रोजी अमेरिकी रेल्वेने देशाचे पट्टे केले. त्या दिवशी कित्येक गावांत बारा दोनदा वाजले, एकदा जुन्या घड्याळाने आणि थोड्या वेळाने नव्या. इंग्लंडात रेल्वे 1840 च्या दशकापासून लंडनच्या वेळेवर धावू लागली, पण कायद्याने ती वेळ देशभर मानली गेली 1880 मध्ये. मधल्या काळात डॉर्चेस्टरच्या न्यायालयात 1858 साली एक प्रकरण गाजलं. न्यायाधीश न्यायालयातल्या घड्याळाप्रमाणे दहाला बसले, प्रतिवादी हजर नव्हता, निकाल विरुद्ध गेला. प्रतिवादी गावच्या घड्याळाप्रमाणे वेळेत आला होता. वरच्या न्यायालयाने निवाडा दिला, की दहा वाजले म्हणजे त्या गावचे दहा वाजले. मला हा निवाडा फार मोलाचा वाटतो. वेळ हा माणसांनी माणसांशी केलेला करार आहे आणि तो करार तिथल्या माणसाला ठाऊक असला पाहिजे, एवढं त्या न्यायाधीशांना कळलं होतं.

करार म्हटला की त्यात राजकारण येतं. फ्रान्सने 1911 मध्ये ग्रिनिचची वेळ घेतली, पण कायद्यात ग्रिनिच हा शब्द येऊ दिला नाही. ‘पॅरिसची मध्यम वेळ, 9 मिनिटं 21 सेकंदांनी मागे’ असं लिहिलं. स्पेन भूगोलाने लंडनच्या पट्ट्यात बसतं, पण फ्रँकोच्या राजवटीत 1940 मध्ये त्याने आपली घड्याळं बर्लिनला जुळवली आणि ती आजही तशीच आहेत. त्याचं पुढे काय झालं, हे वेळेच्या वादात पडणाऱ्या प्रत्येकाने पाहण्यासारखं आहे. स्पॅनिश माणूस दुपारी दोन-तीनला जेवतो, रात्री नऊ-दहाला. आपण त्याला त्यांची सवय म्हणतो. त्यात निम्मी करामत घड्याळाची आहे. घड्याळ पुढे गेलं, माणसं सूर्याजवळच राहिली आणि त्यांनी जेवणाचे आकडे बदलून घेतले.

आता डेलाइट सेव्हिंग. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे, हिवाळ्यात मागे. आपल्याकडेही अधूनमधून त्याची शिफारस होते. हे बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलं, असं म्हणतात. फ्रँकलिनचं 1784 चं पत्र ही पॅरिसकरांच्या उशिरा उठण्याची थट्टा होती, त्यात घड्याळ हलवण्याचा विषयच नाही. शेतकऱ्यांच्या भल्यासाठी ते आलं, हेही तितकंच चुकीचं. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने 1895 मध्ये ते मांडलं, कारण नोकरी संपल्यावर कीटक गोळा करायला त्याला उजेड हवा होता. इंग्लंडच्या विल्यम विलेटने 1907 मध्ये पत्रक काढलं. प्रत्यक्षात आणलं जर्मनीने, 30 एप्रिल 1916 रोजी, युद्धातला कोळसा वाचवायला. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी तर त्याला कडाडून विरोध केला. दव सुकल्याशिवाय गवत कापता येत नाही आणि गाय घड्याळ बघून दूध देत नाही. त्यांच्या रेट्यामुळे 1919 मध्ये अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार ओलांडून तो कायदा रद्द केला.

विजेची बचत हे त्याचं मोठं समर्थन. इंडियाना राज्यातल्या बहुतेक भागात 2006 पर्यंत डेलाइट सेव्हिंग नव्हतं, मग एकदम सगळीकडे लागू झालं. अभ्यासकांनी आधीची आणि नंतरची घरगुती वीजबिलं ताडून पाहिली, तेव्हा वापर सुमारे एक टक्क्याने वाढलेला आढळला. दिव्यांची वीज वाचली, पण संध्याकाळच्या एसीने आणि थंड सकाळच्या हीटरने ती खाऊन टाकली. विषुववृत्ताकडे सरकावं तसा या युक्तीचा आधारच नाहीसा होतो. मुंबईचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. इथे वाचवायला जादा उजेड आहेच कुठे?

कायमचं घड्याळ पुढे नेण्याचे प्रयोगही झाले. ब्रिटनने 1968 ते 1971 वर्षभर उन्हाळी वेळ ठेवून पाहिली आणि संसदेने ती प्रचंड बहुमताने मोडीत काढली. अमेरिकेने जानेवारी 1974 मध्ये तेच केलं. मुलं काळोखात शाळेला निघू लागली, पालक भडकले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रयोग गुंडाळावा लागला. रशियाने 2011 मध्ये कायमची उन्हाळी वेळ आणली, 2014 मध्ये कायमची हिवाळी. युरोपीय संसदेने 2019 मध्ये घड्याळं हलवणं बंद करण्याच्या बाजूने मतदान केलं, तरी सदस्य देशांचं अजून ठरत नाही. एकदा घड्याळाला हात लावला की थांबायचं कुठे, हे कोणालाच उमगत नाही.

आपल्याकडच्या दोन प्रस्तावांकडे येतो, कारण ते गंभीर माणसांनी मांडलेले आहेत. बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीजमधल्या सेनगुप्ता आणि अहुजा यांनी सुचवलं, की सगळ्या देशाचं घड्याळ कायमचं अर्धा तास पुढे न्यावं, वर्षाला 2.7 अब्ज युनिट वीज वाचेल. पण जानेवारीत मुंबईत आत्ताच सव्वासातला सूर्य उगवतो, मग तो पावणेआठला उगवेल. सात वाजताच्या शाळेसाठी इमारतीच्या फाटकाशी उभं असलेलं पोर आठवा. स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतलेले, डोळे अर्धे मिटलेले, बसचे पुढचे दिवे डोळ्यांवर आले की दचकणारं. त्याचा काळोख अजून अर्ध्या तासाने वाढवून गुवाहाटीला अर्धा तास द्यायचा, हा न्याय मला पटत नाही.

दुसरा प्रस्ताव राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांचा. देशाची वेळ राखणारी हीच संस्था. 2018 मध्ये त्यांनी लिहिलं, की 89 अंश 52 मिनिटं रेखांशाच्या पूर्वेला घड्याळ एक तास पुढे असावं. बंगाल-आसामच्या अरुंद पट्ट्यावर ही सीमा पडते आणि रेल्वेला न्यू कूचबिहार व अलिपूरद्वार या दोनच स्थानकांवर घड्याळ बदलावं लागेल. त्यामुळे रेल्वे अपघातांची जी भीती दाखवली जाते ती पोकळ आहे, हे मी मान्य करतो. अनेक वेळपट्ट्यांच्या देशांतही गाड्या धावतातच.

दोन वेळांच्या बाजूने त्याहून जड पुरावा अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांच्या संशोधनाचा आहे. सूर्य जितका उशिरा मावळतो, तितकी मुलं उशिरा झोपतात, पण शाळा त्याच ठोक्याला भरते, म्हणून झोप तुटते आणि शिक्षणाची वर्षं घटतात. ही हानी देशाच्या पश्चिम भागात जास्त, आणि गरीब घरांतल्या मुलांना सर्वांत जास्त. त्यांनी यातून दोन प्रमाणवेळांचा निष्कर्ष काढला. मी त्याच पुराव्यावरून वेगळ्या ठिकाणी पोचतो. मुलाची झोप तोडली ती शाळेच्या घंटेने. मग घंटा हलवा. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये नेमकं हेच केलं: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. बसमालकांनी, दोन पाळ्यांत शाळा चालवणाऱ्या संस्थांनी कुरकुर केली, अडचणी खऱ्या होत्या. पण त्या आदेशासाठी देशाच्या एकाही घड्याळाचा काटा हलला नाही.

यावर विलेटचा जुना आक्षेप येतो, की एकेक कचेरी हलवत बसलात तर मेळ बसत नाही, घड्याळ हलवलं की सगळं एकदम हलतं. 1907 च्या लंडनमध्ये तो खरा असेल. ईशान्य भारतात काय हलायचं राहिलं आहे ते पाहा. शेतकरी पहाटेच रानात असतो. बाजार उजेडाबरोबर उठतो आणि उजेडाबरोबर आवरतो. आसामच्या चहामळ्यांत तर इंग्रजांच्या काळापासून ‘बागान टाइम’ आहे, प्रमाणवेळेच्या तासभर पुढे. नावात टाइम असला तरी मळ्याच्या फाटकाबाहेर गाडी, बँक, टीव्ही प्रमाणवेळेवरच असतात. आत बदललेला असतो तो कामाचा तास. अडकून राहिल्या त्या सरकारी कचेऱ्या, शाळा आणि बँका, म्हणजे नेमक्या त्या जागा ज्या एका परिपत्रकाने हलू शकतात. दिल्लीशी फोनवर बोलायला किती तास उरतात, हा हिशेबही सारखाच निघतो. गुवाहाटीची कचेरी आपल्या वेगळ्या घड्याळाने साडेनऊला उघडली काय किंवा प्रमाणवेळेने साडेआठला उघडली काय, दिल्लीत तेव्हा साडेआठच वाजलेले असतात.

चीनने 1949 नंतर एवढ्या अफाट देशाला बीजिंगची एकच वेळ लावली. शिनजियांगमधले उइगुर लोक आजही खासगी व्यवहारात दोन तास मागची आपली वेळ पाळतात, आणि त्यांच्यावर जी जबरदस्ती होते तिचं समर्थन कोणीही करू नये. पण त्या प्रांतातल्या सरकारी कचेऱ्यासुद्धा बीजिंग वेळेने सकाळी 10 ला उघडतात. जबरदस्तीने एकच घड्याळ लावणाऱ्या सरकारलाही शेवटी कामाचा तास सूर्याकडे सरकवावाच लागला. आपल्याकडे लोकशाही आहे, राज्यांना अधिकार आहेत, आणि तरी कोहिमातली केंद्रीय कचेरी दिल्लीच्याच ठोक्याला उघडावी असा आपला हट्ट आहे.

तेव्हा ‘एक देश, एक वेळ’ म्हणणाऱ्या केंद्र सरकारने पुढची जबाबदारीही घ्यावी. ईशान्येकडच्या सर्व राज्यांतल्या केंद्रीय कचेऱ्या, टपाल कार्यालयं आणि सरकारी बँका ऑक्टोबर ते मार्च सकाळी 8 ते दुपारी 4 आणि एप्रिल ते सप्टेंबर साडेसात ते साडेतीन चालवाव्यात. शाळांच्या वेळा राज्यांनी आपापल्या सूर्योदयावर बेताव्यात, केंद्रीय विद्यालयांनी राज्याच्या वेळा पाळाव्यात. देशव्यापी परीक्षांच्या दुपारच्या सत्राला डिसेंबर-जानेवारीत ईशान्येतल्या मुलांची परतीची वाट काळोखात पडणार नाही अशी वेळ द्यावी. रेल्वेच्या आणि विमानांच्या वेळापत्रकाला हात लावायचं कारण नाही. यासाठी संसदेत विधेयक लागत नाही, संबंधित मंत्रालयांची आणि राज्यांची परिपत्रकं पुरतात, आणि ती येत्या हिवाळ्याआधी निघू शकतात.