मापाला कात्री नको

‘सुपरमॅन विरुद्ध अमेझिंग स्पायडरमॅन’ या १९७६च्या कॉमिकचा विषय निघाला की लोक करारापासून सुरुवात करतात. डीसी आणि मार्व्हल या हाडवैरी कंपन्या एका पुस्तकापुरत्या कशा एकत्र आल्या, वगैरे. मी जन्मभर मुखपृष्ठं रंगवून पोट भरलेला माणूस. मला आधी दिसतं ते माप. नेहमीच्या कॉमिकच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाचं पान आणि किंमत दोन डॉलर. तेव्हा साधं कॉमिक पंचवीस-तीस सेंटला मिळायचं.

गोष्ट बेताचीच. सुपरमॅनचा वैरी लूथर आणि स्पायडरमॅनचा वैरी डॉक्टर ऑक्टोपस हातमिळवणी करतात, नायकांच्या मैत्रिणी लोइस लेन आणि मेरी जेन यांना पळवतात, दोन नायक आधी एकमेकांशी भिडतात आणि मग शहाणे होतात. दोघांची जगं एक कशी झाली, याचं स्पष्टीकरण लेखक गेरी कॉनवे देतच नाही, आणि ते मला फार आवडतं. सुपरमॅनचं मेट्रोपोलिस आणि स्पायडरमॅनचं न्यूयॉर्क एकाच नकाशावर आहेत, संपलं!

खरी मजा रॉस अँड्रूच्या पेन्सिलीत आहे. हा माणूस न्यूयॉर्कच्या गच्च्या आणि रस्ते ओळखू येतील इतक्या अभ्यासाने काढायचा. वरून खाली पाहणारी त्याची दृश्यं मोठ्या पानावर पोटात खड्डा पाडतात. १९९१ साली हीच कथा दोन्ही कंपन्यांच्या इतर भेटींबरोबर एका संग्रहात पुन्हा छापली गेली, पण नेहमीच्या कॉमिकच्या मापात. दिवाळी अंकासाठी काढलेलं चित्र खिशातल्या डायरीत कोंबावं, तसं झालं. फुग्यांमधली अक्षरंही त्याच प्रमाणात आकसली. ‘कथा तीच आहे ना?’ असं कुणी विचारेल. चित्रकथेत पानाचं माप हा कथेचाच भाग असतो. अँड्रूने उंची दाखवायला जी जागा वापरली होती, ती परस्पर काढून घेण्याचा हक्क पुनर्मुद्रकाला कोणी दिला?

रंगांचंही तसंच. त्या काळचा खरखरीत कागद शाई पिऊन टाकायचा, म्हणून रंगवणारे भडक सांगायचे आणि छापून मवाळ यायचं. तीच प्रमाणं गुळगुळीत आर्ट पेपरवर उतरवली की सुपरमॅनचा झगा बोंबलायला लागतो. कागद उंची वापरा, हरकत नाही. पण मग रंग उतरवा.

आणि एक गोष्ट, जी आमच्या धंद्यात सगळ्यांना कळते आणि कोणी बोलत नाही. अँड्रूच्या पेन्सिलीवर डिक जोर्डानोने शाई चढवली. नावं छापली ती या दोघांची. पण सुपरमॅनच्या काही आकृती नील अ‍ॅडम्सने सुधारल्या, स्पायडरमॅनचे मुखवट्याविना, म्हणजे पीटर पार्करचे, चेहरे जॉन रोमिटाने. त्यांचा उल्लेख मूळ श्रेयनामावलीत नव्हता. अँड्रू १९९३ साली गेला. नव्या आवृत्तीला प्रस्तावना जोडायचीच असेल, तर तिच्यात करारांच्या बैठका नकोत. कोणत्या पानावर कोणाचा हात फिरला ते छापा, आणि अँड्रूच्या मूळ पेन्सिलींच्या प्रती कुठे शिल्लक असतील तर त्या शेजारच्या पानावर घ्या. पूर्ण मापात.