पिग्मीवाला आणि बॅबिलॉन

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, मंडईत उरलेल्या मेथीच्या जुड्या ‘वीसला दोन’वरून ‘दहाला दोन’वर येतात, तेव्हा तो येतो. खांद्याला रेक्झिनची बॅग, हातात कंडक्टरकडे असतं तसं छोटं यंत्र. बोलणं फार नाही. ‘मावशी, आज?’ एवढंच. मावशी बुडाखालच्या पोत्याची घडी उचलतात, चुरगळलेली शंभराची नोट काढून देतात, यंत्रातून पावती करकरत बाहेर येते, ती चंचीत जाते आणि तो पुढच्या गाळ्याकडे वळतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत हा माणूस दिसेल. त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. तो पिग्मीवाला, रोजची बचत गोळा करणारा.

त्याच मंडईच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या कागदावर पुस्तकं मांडलेली असतात. ‘रिच डॅड पुअर डॅड’, ‘थिंक अँड ग्रो रिच’, ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’. इंग्रजी आणि मराठी आवृत्त्या शेजारीशेजारी. बरीचशी चोरून छापलेली, त्यामुळे पान चाळीसनंतर एकदम सत्तावन्न. श्रीमंत होण्याचा मार्ग सांगणाऱ्या लेखकाचं मानधन बुडवूनच वाचकाच्या बचतीला सुरुवात झालेली असते, हा एक विनोदच.

पैशाबद्दलची मानसिकता बदलणाऱ्या दहा पुस्तकांची यादी हल्ली दर नव्या वर्षाला कुठून ना कुठून हाती येते. ती यादी चाळणीतून काढायला हवी. आणि चाळणी म्हणून पिग्मीवाल्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

१९२६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात नकाशांचा व्यवसाय असलेल्या जॉर्ज क्लेसन यांनी प्राचीन बॅबिलॉनमधल्या गोष्टींच्या छोट्या पुस्तिका काढायला सुरुवात केली. बँका आणि विमा कंपन्या त्या गठ्ठ्याने घेऊन गिऱ्हाइकांना वाटत. त्यांचंच पुढे ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’ झालं. उपदेश साधा: मिळकतीतला दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला काढायचा, मग बाकीच्यांची देणी. आता त्यापुढची तारीख पाहावी. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, पिग्मी ठेव सुरू केली. रोज दोन आणे भरले तरी चालत आणि ते घ्यायला बँकेचा माणूस दारात येई. क्लेसनच्या पुस्तिकेत आणि उडुपीच्या योजनेत विचार एकच होता. फरक असा की अमेरिकन बँकेने गिऱ्हाइकाच्या हातात गोष्ट दिली आणि उडुपीच्या बँकेने त्याच्या दारात माणूस उभा केला. या स्तंभाचं मत माणसाच्या बाजूने आहे. दहावा हिस्सा बाजूला काढावा हे मंडईतल्या मावशींना कोणी शिकवावं लागत नाही. रात्री घरी पोचेपर्यंत तो हिस्सा शिल्लक राहायला हवा, एवढीच अडचण असते. वाटेत किराणा आहे, मुलाची फी आहे, हातउसने मागणारा दीर आहे.

शिल्लक टिकवण्यासाठी माणसं काय मोजतात, याचा एक हिशोब स्टुअर्ट रदरफोर्ड यांनी नोंदवला आहे. विजयवाड्याच्या झोपडपट्टीत एक बाई घरोघर जाऊन बचत गोळा करी. कार्डावर २२० चौकोन. एका चौकोनाला पाच रुपये. सगळे चौकोन भरले की जमा झाले ११०० रुपये. त्यातले १००० ती परत देई आणि शंभर आपल्याला ठेवी. म्हणजे ठेवीवर व्याज मिळण्याऐवजी ठेवणाराच व्याज देतो! रोज एक चौकोन भरला असं धरलं तर हा दर वर्षाला सुमारे उणे ३० टक्के पडतो. बँकेतल्या बाबूला हा वेडेपणा वाटेल. पण त्या बायकांना हजार रुपये एकरकमी हातात पडत होते आणि तसे ते दुसऱ्या कुठल्याही वाटेने पडले नसते. रदरफोर्ड ज्याच्या चार लेखकांपैकी एक आहेत ते ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे २००९ चं पुस्तक श्रीमंतीच्या कुठल्याच यादीत नसतं, आणि ते पहिल्या क्रमांकावर असायला हवं. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे अडीचशे कुटुंबांचे पैशांचे व्यवहार वर्षभर, दर पंधरवड्याला, घरी जाऊन टिपले गेले. चारपेक्षा कमी प्रकारची आर्थिक साधनं वापरणारं एकही घर सापडलं नाही. भिशी, उधारी, शेजारणीकडे ठेवलेले पैसे, सावकार. ज्यांना पैशाचं भान नाही असं आपण समजतो, त्यांच्या डोक्यात अख्खी खतावणी उघडी असते.

फुटपाथवरच्या पुस्तकांना मात्र एक आडवा प्रश्न विचारावाच लागतो: लेखकाने स्वतःचे पैसे कुठून मिळवले?

रॉबर्ट कियोसाकींचं ‘रिच डॅड’ १९९७ चं. त्याच्या आधी त्यांनी ‘कॅशफ्लो’ नावाचा पटावरचा खेळ बाजारात आणला होता; पुस्तकामागून परिसंवाद आले, वर्ग आले. २०१२ मध्ये, परिसंवादांच्या आयोजकांशी झालेल्या दाव्यात सुमारे २.४ कोटी डॉलरचा निकाल विरोधात गेल्यावर, त्यांच्या एका कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तरीही त्या पुस्तकात एक गोष्ट खरी आहे. खिशात पैसे आणते ती मालमत्ता आणि खिशातून काढून नेतं ते देणं, ही फोड ढोबळ असली तरी पस्तीस लाखांचं कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्याला क्षणभर थांबवते. तेवढं घ्यावं आणि उरलेलं पुस्तक मित्राला द्यावं.

नेपोलियन हिल यांचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ १९३७ चं. आपल्याला हे काम १९०८ मध्ये खुद्द अँड्र्यू कार्नेगी यांनी सोपवलं, असं हिल सांगत. कार्नेगी १९१९ मध्येच वारले होते. हो-नाही म्हणायला कोणी उरलं नव्हतं. कार्नेगींचे चरित्रकार डेव्हिड नॅसॉ यांना या भेटीचा पुरावा सापडला नाही. हे पुस्तक न वाचल्याने कोणाचं काही अडणार नाही.

पुन्हा बॅबिलॉनकडे, कारण त्यातला सर्वांत मोलाचा प्रसंग लोक विसरतात. नायक अर्काद वर्षभर दहावा हिस्सा साठवतो आणि सगळी पुंजी एका वीट पाडणाऱ्याच्या हाती देतो. तो परदेशातून रत्नं आणणार असतो. येतात काचेचे तुकडे. विटांच्या माणसाला रत्नांतलं काय कळणार! महाराष्ट्रात हा वीटवाला गल्लोगल्ली भेटतो. कधी तो शेजारी असतो, कधी साडूचा मित्र, कधी तेरा टक्के व्याजाचा फलक लावलेली पतसंस्था. इथे परदेशी पुस्तक कामाला येत नाही, कारण स्थानिक नियम माहीत लागतात. बँकेतल्या ठेवींना, मग ती सहकारी बँक का असेना, माणशी पाच लाखांपर्यंत विम्याचं छत्र आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये वाढली. त्याआधी ती एक लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येतील असं सांगण्यात आलं, त्या दिवसांची आठवण मुंबईकरांना वेगळी करून द्यायला नको. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हे छत्र नाही. पिग्मीवाल्याची पावती घेताना ती बँकेची आहे की पतसंस्थेची, हे मावशींनी बघायला हवं. बघतात किती जणी?

नियम इथलेच सांगणारं पुस्तक म्हणून मोनिका हालन यांचं ‘लेट्स टॉक मनी’, २०१८ चं. पगार, खर्च आणि गुंतवणूक यांची तीन वेगळी खाती करा, इथून ते सुरू होतं; म्हणजे तेही पुन्हा पिग्मीच, फक्त बँकेच्या खात्यातल्या खात्यात. विमा आणि गुंतवणूक यांची खिचडी करू नये, यावर त्यांचा रोख आहे. हे नुसतं पटून भागत नाही, कागदावर मांडावं लागतं. समजा, लग्न झाल्या झाल्या नात्यातल्या एजंटाने एक पॉलिसी गळ्यात मारली. वर्षाला २५ हजारांचा हप्ता, वीस वर्षं. एकूण भरले पाच लाख. मुदत संपल्यावर हाती आले आठ लाख ६८ हजार. घरात पेढे वाटले जातात. कॅल्क्युलेटर काढला तर हा परतावा वर्षाला जेमतेम पाच टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये, एप्रिल २०२० पासून चालू असलेल्या ७.१ टक्के दराने, पंधरा अधिक पाच वर्षं दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला भरले असते तर सुमारे अकरा लाख दहा हजार झाले असते. मधल्या काळातलं विमाकवच वेगळं घ्यावं लागलं असतं, ते केवळ मुदतीच्या विम्यात स्वस्त पडतं. तरीही फरक दोन लाखांच्या आसपास राहतो. पैशावरच्या पुस्तकाची परीक्षा इथे लागते: ते वाचून कोणी कपाटातली ती निळी प्लॅस्टिकची फाइल बाहेर काढली का?

मॉर्गन हाउसेल यांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’ २०२० चं. लिहिलेलं सुरेख आहे. त्यात रोनाल्ड रीड भेटतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात पेट्रोल पंपावर आणि झाडलोटीच्या नोकरीवर आयुष्य काढलेला हा माणूस २०१४ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी वारला आणि ८० लाख डॉलर मागे ठेवून गेला. मोठा वाटा गावच्या रुग्णालयाला आणि ग्रंथालयाला. शेअर घेतले आणि कित्येक दशकं हात लावला नाही, एवढंच त्याचं कसब. वॉरन बफेंच्या ८४.५ अब्ज डॉलरपैकी ८१.५ अब्ज वयाची पासष्टी ओलांडल्यावर जमले, हा हाउसेल यांचा दुसरा आवडता दाखला. वाचून बरं वाटतं. पण अशी उदाहरणं तरलेल्यांचीच असतात. थॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डँको यांच्या ‘द मिल्यनेअर नेक्स्ट डोअर’वर नसीम तालेब यांनी हाच आक्षेप घेतला होता: ज्यांनी तसंच काटकसरीने राहून चुकीच्या ठिकाणी पैसे घातले आणि बुडाले, ते मोजलेच नाहीत.

बुडालेल्यांची मोजदाद आपल्याकडे सेबीने केली. सप्टेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा एक लाख ८० हजार कोटींच्या वर. या मंडळींनी पुस्तकं वाचली नव्हती असं मुळीच नाही. बेंजामिन ग्रॅहम यांचं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ (१९४९) अनेकांच्या फळीवर असेल. जाडजूड आहे, आकडेवारी जुनी; पण बाजाराच्या लहरींवरचं आठवं आणि सुरक्षिततेच्या फरकावरचं विसावं अशी दोन प्रकरणं वाचली तरी पुरे. बफे हीच दोन सुचवतात.

मराठीत हा विषय नवा नाही. लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चं आहे. संपत्ती कशी तयार होते हे त्यांनी मराठी वाचकाला तेव्हा समजावलं, जेव्हा मुंबईत आगगाडीही नव्हती. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी मराठी फळीवर बहुतेक अनुवादच दिसावेत, हे खटकतं. वर्षातून दोनदा पैसा येणाऱ्या कांदेवाल्याने दहावा हिस्सा कधी काढायचा? गावी पाठवायचे पैसे, बहिणीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज एकाच महिन्यात आलं तर आधी काय?

पिग्मीवाल्याला याची उत्तरं तोंडपाठ असतात. जूनमध्ये वह्यापुस्तकांमुळे निम्मे जण शंभराचे पन्नास करतात. गौरी-गणपतीच्या आधी खातं मोडायला लोक त्याला वाटेत गाठतात. काही जणींनी नवऱ्याला हे खातं सांगितलेलंच नसतं. त्यांच्या घरावरून जाताना तो हाक मारत नाही.