दारी आलेली गंगा

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुंबईकर जे ऊन पाणी अंगावर घेतो, ते बहुधा शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून आलेले असते. शहापूरकडच्या भातसा धरणातून निघायचे, शुद्ध व्हायचे, मोठमोठ्या नळांतून धावायचे आणि मग आमच्या बादलीत पडायचे! असे जवळजवळ 400 कोटी लिटर पाणी या शहराला रोज पुरवावे लागते. आणि जे पाणी आपण होऊन आमच्या डोक्यावर येते, त्याचे आम्ही काय करतो? गटारात लोटून समुद्राला अर्पण करतो!

घरखर्चाची वही लिहिणाऱ्यांना हा हिशेब सहज पटेल. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. मुंबई उपनगरात वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे 300 चौरस मीटरच्या गच्चीवर सहा लाख लिटर! त्यातले निम्मेच हाती लागले असे धरा. माणशी रोज 135 लिटर या मापाने शंभर माणसांच्या इमारतीची तीन आठवड्यांची सोय झाली.

"पण पावसाळ्यात पाणी हवे कोणाला?" असे आपण म्हणाल. शंका रास्त आहे. परंतु जून महिना आठवून पाहा. इकडे रस्ते तुंबतात आणि तिकडे तलावांवर थेंब नसल्यामुळे पाणीकपात चालू असते. त्या दिवसांत संडासाला, धुण्याला, जिने धुवायला गच्चीचे पाणी वापरले, तर तलावातले तेवढे पाणी वाचते. उरलेले जुन्या विहिरीत किंवा जमिनीत मुरवता येते.

पाणी अडवण्याचे काम आम्हांला अवघड आहे असेही नाही. हिंदमाताचा पूर ओसरावा म्हणून जवळच्या उद्यानाखाली व मैदानाखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधल्या आहेत. पण भरती उतरली की ते पाणी पुन्हा समुद्राकडेच!

सिंगापूरने याहून पुढची मजल मारली. 2008 साली मरिना खाडीच्या तोंडाशी बांध घातला आणि भर शहरात गोड्या पाण्याचा तलाव केला. देशाच्या सुमारे एक षष्ठांश भूमीवरचे, छपरांचे आणि रस्त्यांचे पाणी तिथे येते आणि शुद्ध होऊन घरोघर जाते. सखल भागांतला पूरही त्यामुळे आवरतो. परंतु त्याआधी 1977 पासून दहा वर्षे त्यांनी नदी धुतली. डुकरांचे वाडे हलवले, फेरीवाल्यांना दुसरी जागा दिली, गाळ उपसला. गटार स्वच्छ झाले, म्हणून त्यातले पाणी पिण्याजोगे करता आले.

इथेच आमचे घोडे पेंड खाते. दिवाळीआधी आम्ही घर लखलखीत करतो आणि माळ्यावरच्या फाटक्या गाद्या व फुटक्या बरण्या बेलाशक मागच्या नाल्यात टाकतो. मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची अट मुंबईत 2002 पासून आहे. आमच्या सोसायटीतही त्यासाठी खड्डा आहे. त्यावर दोन स्कूटर उभ्या असतात!

तेव्हा वाचकहो, फराळाला शेजारी जमतील तेव्हा एवढे ठरवा : मे महिन्यात गच्ची झाडून घ्यायची, पहिल्या सरीचे मळके पाणी जाऊ द्यायचे आणि पुढचे गाळून टाकीत घ्यायचे. आणि यंदाचा केर नाल्यात नव्हे, केराच्या गाडीतच टाकायचा.