बंद राहिलेला ट्रान्सपॉन्डर आणि एक जुनी सवलत

#धागा

१/ २८ ऑगस्ट २००६. अमेरिकेतील नेवाडा राज्य. रेनो विमानतळाकडे उतरू लागलेले हॉकर ८००एक्सपी जेट आणि एक ग्लायडर सुमारे १६,००० फुटांवर एकमेकांवर आदळले. ग्लायडरचा वैमानिक हवाईछत्रीने खाली आला; जेट कार्सन सिटीच्या धावपट्टीवर चाकांविना उतरले. कोणीही दगावले नाही, हे निव्वळ सुदैव.

२/ ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता, पण तो सुरूच केलेला नव्हता. वैमानिकाला बॅटरी रेडिओसाठी राखून ठेवायची होती.

३/ ट्रान्सपॉन्डरचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. रडारवरील ठिपका मित्राचा की शत्रूचा, हे त्यावरून ओळखत. आज रडारने विचारणा करताच तो विमानाचा संकेतांक व उंची कळवतो. जेटमधील टक्करप्रतिबंधक यंत्रणाही त्यालाच साद घालते. जो उत्तर देत नाही, तो तिच्या लेखी आकाशात नसतोच.

४/ १९८६ साली कॅलिफोर्नियातील सेरिटोस येथे प्रवासी विमान व छोटे पायपर विमान यांची टक्कर होऊन ८२ जण मृत्युमुखी पडले. पायपरचा ट्रान्सपॉन्डर उंची कळवत नव्हता. त्यानंतर नियम कठोर झाले. ग्लायडरांची सवलत मात्र टिकली. इंजिन नाही म्हणून जनित्र नाही, आणि बॅटरी तुटपुंजी. कारण रास्तच होते.

५/ ‘वैमानिकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे’, हा युक्तिवाद अपुरा आहे. समोरून येणारे ग्लायडर म्हणजे एक बारीक पांढरी रेघ. जेट सेकंदाला शंभर मीटरहून अधिक अंतर कापते. २००४ पासून ग्लायडरांत रुळलेले ‘फ्लार्म’ उपकरण एकमेकांना सावध करते, परंतु त्याची भाषा जेटच्या यंत्रणेला कळत नाही.

६/ अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००८ मध्ये ही सवलत काढून टाकण्याची शिफारस केली. माझ्या मते सरसकट सक्ती अन्यायाची ठरेल. निर्जन दरीवर उडणाऱ्या हौशी वैमानिकावर तो भुर्दंड कशाला? पण रेनोसारख्या ठिकाणी, जिथे जेटचा उतरण्याचा मार्ग आणि ग्लायडरांचे आकाश एकच आहे, तिथे सुरू असलेला ट्रान्सपॉन्डर अनिवार्यच हवा.

७/ सवलत दिली गेली ती बॅटरीच्या दुबळेपणामुळे. आता बॅटऱ्या हलक्या व दमदार झाल्या आहेत. कारण सरल्यावरही सवलत तशीच ठेवायची, तर तिची किंमत जेटमधील प्रवाशांनी का मोजावी?